सीटवरचा पाना

सायलीच्या रस्त्याला सुताच्या कंपन्यांच्या भिंती संपल्या की थोडी मोकळी जागा लागते. तिथे सागाची चार-पाच झाडं आहेत आणि त्या झाडांच्या सावलीत पत्र्याचं एक गॅरेज आहे. पाटी नाही. सिल्वासात कुणालाही विचारा, नथू मिस्त्रीचं गॅरेज म्हटलं की हात त्याच दिशेला जातो. कंपनीच्या बायकांना ने-आण करणाऱ्या व्हॅन, भाजीचे छोटे टेम्पो, मास्तरांच्या स्कूटरी, सगळं तिथे येतं. नथू आता एकेचाळीस वर्षांचा आहे. नखांतला काळा रंग त्याने काढायचा प्रयत्न केव्हाच सोडून दिला आहे.

तो साक्री तालुक्यातला. एकोणिसाव्या वर्षी गावच्या चार पोरांबरोबर मसाटला आला आणि सुताच्या कंपनीत लागला. बारा तास बॉबिनी बदलायच्या. यंत्रांचा आवाज असा की शेजारचा ओरडला तरी नुसते ओठ हलताना दिसत. एक दिवस कंपनीच्या फाटकात मालाचा टेम्पो बंद पडला. मालक ओरडत होता, वॉचमन ओरडत होता. मग सायकलवरून एक किडकिडीत म्हातारा आला, कुणाशी न बोलता टेम्पोखाली शिरला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते. मग तो बाहेर आला, चावी फिरवली, आणि टेम्पो सुरू झाला. नथू जेवणाच्या सुट्टीत बाहेर उभा होता. सुट्टी संपली, भोंगा झाला, पण तो आत गेला नाही. म्हाताऱ्याच्या सायकलमागे चालत राहिला.

त्या म्हाताऱ्याचं नाव सदाशिव मिस्त्री. बोर्डीकडचा माणूस. अर्ध्या वाटेत त्याने मागे वळून पाहिलं.

"काय रे, पंक्चर काढायचंय काय?"

"नाय मिस्त्री. शिकायचंय."

"कंपनीत पगार आहे. इकडे काय आहे?"

"इकडं गाडी बोलती."

"गाडी बोलत नाय," सदाशिव म्हणाला. "ती नुसती खराब होते. चल, सायकल धर."

मिस्त्री कसं व्हायचं, हे सदाशिवने कधी तोंडाने सांगितलं नाही. पहिलं वर्ष नथूने फक्त भाग धुतले. रॉकेलच्या घमेल्यात बेअरिंगं, दट्टे, गिअरचे दात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कातडी सोलली, पुन्हा आली, पुन्हा सोलली. त्या वर्षात प्रत्येक भागाचं वजन हाताला कळलं. मग सदाशिव एका डब्यात वेगवेगळे नट टाकायचा आणि नथूला पाठीमागे हात करून एकेक काढायला लावायचा. दहाचा, बाराचा, तेराचा, सतराचा. चुकला की डबा पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वर्षी नथू गाडीखाली गेला. ऑइल बदलायला शिकला, सायलेन्सर उतरवायला शिकला, तोंडात माती घेऊन हसायला शिकला. तिसऱ्या वर्षी क्लच, मग इंजिन. कुठे अडला की सदाशिव एवढंच म्हणायचा, "हात लाव. हाताला विचार."

आणि सगळ्यांत शेवटी त्याने चाक शिकवलं.

लोकांना वाटतं चाक म्हणजे सोपं काम. पाच नट काढायचे, पाच लावायचे. सदाशिवचं तसं नव्हतं. तो म्हणायचा, "इंजिन बंद पडलं तर गिऱ्हाईक उतरून शिव्या देतो. चाक निघालं तर शिव्या द्यायला कोण राहत नाय."

त्याचा नियम असा होता. गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं, की चाकाचा पाना ड्रायव्हरच्या सीटवर नेऊन ठेवायचा. काम झालं की चाक बसवायचं, नट बोटांनी फिरवायचे, गाडी खाली उतरवायची. पण हवेत लटकलेल्या चाकाचे नट पुरते आवळता येत नाहीत, चाकच फिरतं. ते आवळायचे गाडी जमिनीवर टेकल्यावर, समोरासमोरचे, अंगाचा जोर लावून. म्हणून पाना सीटवर. ड्रायव्हर बसायला गेला की त्याला तो दिसलाच पाहिजे. पाना सीटवर आहे म्हणजे नट अजून कच्चे आहेत, गाडी हलवायची नाही. शेवटचा जोर लागला की पाना भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा. खिळ्यावर पाना आला की गाडी सुटली.

"मी तोंडाने काय पण बोलेन," सदाशिव म्हणायचा. "माझ्या तोंडावर विश्वास ठेवू नको. पान्यावर ठेव."

सदाशिवच्या गॅरेजात चाकाचा पाना एकच होता. दोन गाड्या एकदम आल्या की एकीला थांबावं लागे, गिऱ्हाईक वैतागे. नथू एकदा म्हणाला, "मिस्त्री, अजून एक घेऊ ना. काम पटापट होईल."

"एक बस."

का बस, ते सांगितलं नाही. नथूला वाटलं, म्हातारा कंजूष आहे. वीस वर्षांच्या ओळखीत सदाशिवने कुठल्याच गोष्टीचं कारण सांगितलं नव्हतं, आणि नथूनेही विचारलं नव्हतं. ते एक विचारलं असतं तर, असं आता नथू रोज स्वतःशी म्हणतो.

पुढे नथूने सायलीच्या रस्त्याला आपलं गॅरेज टाकलं. लग्न केलं. प्रमिला आली, ती सकाळी पत्रा उघडायची, झाडायची, पाणी मारायची. नथूने आपला पाना घेतला, आपला खिळा ठोकला, आणि तोच नियम पाळला. व्हॅनवाले चेष्टा करायचे, पण सीटवर पाना दिसला की बाहेरच थांबायचे.

मागच्या वर्षी पावसाळ्यानंतर सदाशिव गेला. तेराव्याला नथू बोर्डीला गेला तेव्हा मिस्त्रीच्या म्हातारीने एक गाठोडं त्याच्या हातात दिलं. त्यात सदाशिवचा पाना होता. काळा, मधोमध हात घासून घासून गुळगुळीत झालेला. नथूला रडू आलं. घरी आल्यावर त्याने पाना पुसला, तेल लावलं, झेंडूची दोन फुलं अडकवली आणि खिळ्यावर टांगला. त्याचा स्वतःचा पाना त्या दिवसापासून हत्यारांच्या पेटीवर राहू लागला.

गुरूला मान दिला, एवढंच त्याच्या मनात होतं. त्या दिवसापासून खिळ्यावर कायमच पाना होता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

डिसेंबरात एका दुपारी कारभारी व्हॅन घेऊन आला. कारभारी सटाण्याकडचा, बोलघेवडा. सायलीहून मसाटच्या कंपनीत दुसऱ्या पाळीच्या बायका पोचवायचा. मागच्या डाव्या चाकाचे ब्रेक घासत होते. नथूने चाक काढलं, लायनर बदलले, चाक बसवलं, नट बोटांनी फिरवले, गाडी खाली उतरवली. पाना सीटवर होता. कारभारी चहाच्या टपरीवरून ओरडला,

"काय भो नथू, चाकाचं लगीन लावून ऱ्हायला का? मुहूर्त टळून जाईल!"

"दोन मिनिटं थांब. तुझ्या लग्नाला तरी कुठं घाई होती?"

"म्हनून तर फसलो ना भो!"

नथू सीटवरचा पाना घ्यायला उठला आणि तेवढ्यात मराठी शाळेच्या उषाबाई स्कूटर ढकलत आल्या. घामाघूम झालेल्या, खांद्यावर वह्यांची पिशवी.

"नथूभाऊ, आधी माझं बघा हो. सव्वादोनला वर्ग आहे माझा. मुलं खिडकीतून उड्या मारतील."

"प्लग असेल बाई. आणा इकडं."

प्लगच होता. नथूने काढला, घासला, बसवला. स्कूटर सुरू झाली. उषाबाई हसून गेल्या. दोन मिनिटांचं काम होतं, दोनच मिनिटं लागली.

नथू हात पुसत उभा राहिला. समोर व्हॅन चार चाकांवर उभी होती. कारभारी टपरीवरून घाईघाईने येत होता आणि हातातलं घड्याळ दाखवून गुजरातीत ओरडत होता, "चालो चालो, टाइम थई गयो!" नथूची नजर भिंतीवर गेली. खिळ्यावर पाना होता.

"जाय," नथू म्हणाला.

कारभारी गेला. आठ बायका बसल्या. मसाटच्या उतारावर मागचं डावं चाक निघालं आणि गाडीच्या पुढे धावत गेलं. गाडी डाव्या अंगाला कलंडून गटारात पडली. सात जणींना मुका मार लागला, खरचटलं. आठवी चंदा. ती डाव्या खिडकीशी बसून बाहेरची दांडी धरायची, गाडीत तिला मळमळायचं म्हणून. तिचा हात गाडीखाली आला. वापीला नेलं. डाव्या हाताचा कोपरापासून खालचा भाग काढावा लागला.

पोलीस नथूकडे आले तेव्हा संध्याकाळ व्हायची होती.

"काय काम केलं होतं?"

"लायनर बदलले, साहेब."

"नट आवळले होते?"

"हो साहेब."

नथू खोटं बोलला नाही. त्याला खरंच वाटत होतं की आवळले होते. खिळ्यावर पाना पाहिल्याचं त्याला स्वच्छ आठवत होतं. हवालदाराने लिहून घेतलं, सही घेतली. कारभारीवर भरधाव गाडी चालवल्याचा गुन्हा लागला. रस्ता खड्ड्यांचा आहे, नट ढिले झाले असतील, असं सगळे म्हणाले.

पण त्या दिवसापासून नथू काम सोडून आठवायला बसला. हजारो वेळा केलेलं काम. पाना नटावर बसवायचा, पाय रोवायचे, खांदा टाकायचा. त्या दुपारचा तो जोर त्याला खांद्यात सापडेना. प्रत्येक वेळी कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचा जोर आठवायचा.

"जेवा," प्रमिला म्हणायची.

"मी आवळले होते ना गं?"

"मी कशी सांगू? मी घरी होते."

चौथ्या दिवशी कारभारी आला. जामिनावर सुटला होता, कपाळाला पट्टी होती. त्याने काखेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढली आणि नथूसमोर बाकड्यावर ठेवली. नथूने कागद सोडला. आत त्याचा स्वतःचा पाना होता.

रस्त्यावरून कंपनीची बस गेली.

"सीटवर होता," कारभारी म्हणाला. "मी बसायला गेलो तव्हा सीटवरच होता."

"मग बसला कसा तू?"

"तू जाय म्हनला ना भो! मला वाटलं इसरला उचलायचा. सीटखाली सरकवला. म्हटलं, संध्याकाळी परत दीन. तू सोता तोंडानं जाय म्हनतो, मग मी पान्याला काय इचारू?"

नथूने मान वळवून खिळ्याकडे पाहिलं. झेंडूची फुलं वाळून काळी पडली होती. सदाशिव एकच पाना का ठेवायचा, ते त्याला वीस वर्षांनी कळलं.

"पोलिसांना दिसला नाय?"

"गाडी पडली तव्हाच मी कागदात घालून बाजूच्या झुडपात टाकला. बायका वरडून ऱ्हायल्या होत्या आन् मी पाना लपवून ऱ्हायलो होतो." कारभारीने तोंडावर हात ठेवला. "नथू, मी कसा मानूस हाये रे?"

"मी जातो पोलिसात. सांगतो नट मी आवळले नव्हते."

"आन् पाना कुठं होता म्हनून इचारलं तर? मी हलवला हे पन सांगशील?"

नथू पाना पुन्हा कागदात गुंडाळू लागला.

"म्हंजे दोघं जाऊ आत," कारभारी म्हणाला. "तुझं गॅरेज बंद, माझी पोरं उपाशी. चंदीचा हात काय परत येत नाय." तो उठला, चार पावलं गेला आणि परत आला. "तरी तुला जायचं तर जाय. मी अडवनार नाय. मला अडवायचं तोंड नाय."

नथू पोलिसात गेला नाही. दोन महिने तो रोज सकाळी ठरवायचा आणि रोज दुपारपर्यंत कुठली तरी गाडी येऊन उभी राहायची. सदाशिवचा पाना त्याने खिळ्यावरून काढून जुन्या टायरांच्या मागे ठेवला. शेवटी त्याला वाटलं, पोलिसांच्या आधी जिचं गेलं तिला सांगावं. मग ती म्हणेल तसं.

चंदा नवापूरकडची. सायलीतल्या चाळीत आई बायडाबाईबरोबर एका खोलीत राहायची. वय सव्वीस. नथू गेला तेव्हा बायडाबाई तिची वेणी घालत होती.

"ये नथूदादा," चंदा म्हणाली. "बस. चहा आईच्या हातचा प्यावा लागंल. माझा एक हात गावाला गेलाय."

बायडाबाईने तिच्या पाठीत हलकेच चापट मारली. "असं बोलू नाय गं माय."

नथू बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. प्लग, खिळा, दोन पाने, पोलिसांना दिलेला जबाब. सीटवरचा पाना कुणी हलवला ते त्याने सांगितलं नाही, पण चंदाने ते ओळखलं असावं. तो बोलायचा थांबला तेव्हा बायडाबाईच्या हातातली वेणी सुटली होती. तिने पितळी पेला उचलला आणि नथूच्या अंगावर फेकला. तो त्याच्या छातीला लागून खाली पडला.

"राहू दे आई," चंदा म्हणाली. "चेपायचा पेला."

मग ती नथूकडे बघत राहिली. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं नथूला वाटलं.

"सांगून हलकं वाटलं, दादा?"

"नाय."

"आता कुठं जायचा विचार?"

"पोलिसात. तू म्हटलं तर आत्ता."

"वकील काय म्हनला ठाव हाये? नुसकानीचा दावा टाकलाय. ड्रायव्हरनं गाडी भरधाव चालवली, हे कागदावर हाये, म्हनून विमावाले गप हायेत. आता तू मधी येऊन सांगितलं की चूक माझी, तर ते म्हनतील, आमचा काय संबंध, जा गॅरेजवाल्याकडं. मग दहा वर्सं चालंल. आन् तुझ्याकडं येऊन मी काय घेऊ? पत्रा घेऊ? तुझे काळे हात घेऊ?"

"मग मी काय करू?"

"काय नको करू. गप ऱ्हाय."

"चंदा, मला झोप नाय येत."

"मला पन नाय येत. मला तर तो हात खाजवतो, जो नाय, तो." तिने पदराने डावी बाजू झाकून घेतली. "आन् ऐक. गॅरेज बंद नको करू. तू बंद केलं की लोक इचारतील, का केलं. रोज उघडायचं. पयल्यासारखं."

"चाकाला हात लावायचं माझं मन होत नाय."

"मला तरी कुठं मन होतं एका हातानं नाहायचं? लाव हात."

बायडाबाईने पेला उचलून जागेवर ठेवला आणि पुन्हा वेणी घालायला बसली. चहा कुणी दिला नाही. नथू दारातून बाहेर पडला तेव्हा मागून चंदाचा आवाज आला, आईला सांगत होती, जरा घट्ट घाल, सुटते.

दावा अजून चालू आहे. कारभारीचं लायसन गेलं. तो मसाटला एका गोदामात पोती वाहतो. रविवारी कधी कधी नथूच्या बाकड्यावर येऊन बसतो. दोघं चहा पितात. पूर्वी त्याच्या बोलण्याने झाडावरचे पक्षी उडायचे. आता तो पेला संपला की "चल भो" म्हणतो आणि उठतो.

नथू रोज गॅरेज उघडतो. चाक आलं की नट आवळतो. मग पुन्हा आवळतो. मग पाना बाजूला ठेवून बोटांनी एकेक चाचपतो, जसं सदाशिव डब्यातले नट चाचपायला लावायचा तसं, पण बोटांना आता काही सांगता येत नाही. घट्ट आहे हे कळतं, पण पटत नाही. गिऱ्हाईक हसतं. "झालं ना मिस्त्री?" म्हणतं. नथू हो म्हणत नाही, जा म्हणत नाही. नुसता बाजूला होतो. गाडी निघाली की तिच्यामागे चालत वळणापर्यंत जातो आणि मागच्या चाकांकडे बघत उभा राहतो. प्रमिलाने एकदा विचारलं, असे किती दिवस चालणार? तो म्हणाला, "माहीत नाय."

गाडीमागे चालत जाणाऱ्या मिस्त्रीची ही गोष्ट सायलीत पसरली. टपरीवर, कंपनीच्या फाटकांवर, शाळेत. उषाबाईंनी दोन शिक्षकांच्या गाड्या पाठवल्या. खानवेलचा एक पिकअपवाला मुद्दाम वाट वाकडी करून येऊ लागला. परवा मसाटच्या एका कंपनीचा विशाल नावाचा साहेब आला. त्याला बायकांना नेणाऱ्या सहा व्हॅनचं काम द्यायचं होतं.

"मी सगळीकडे चौकशी केली," तो म्हणाला. "लोक म्हणतात, पूर्ण सिल्वासात तुमच्याइतका जपून काम करणारा मिस्त्री नाही. गाडीच्या मागे चालत जाता म्हणे तुम्ही. बायका बसतात हो आमच्या गाड्यांत. असाच माणूस पाहिजे."

प्रमिलाने आतून नथूकडे पाहिलं. नथू नाही म्हणणार होता. नाही म्हटलं तर का, ते सांगावं लागलं असतं.

"पाठवा," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी सहाही व्हॅन रस्त्याच्या कडेला एकामागे एक येऊन उभ्या राहिल्या. नथूने पहिलीला जॅक लावला.